पिस्टन इंजिनाच्या तपासणीवर सही करायचीय? बी१.२ एएमई (विमान देखभाल अभियंता) परवाना कसा मिळतो

सेसना १५२ किंवा १७२ या छोट्या विमानांच्या इंजिनावरचं काउलिंग, म्हणजे झाकण, साधारण दर ५० तासांच्या उड्डाणानंतर उतरतं. जुनं ऑइल काढायचं आणि फिल्टर कापून त्यात धातूचे कण दिसतात का ते बघायचं. १०० तासांच्या तपासणीत स्पार्क प्लग साफ होतात, मॅग्नेटोचं (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) टायमिंग बघितलं जातं आणि ८० पीएसआय दाबाची हवा देऊन प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजतात. लायकमिंग कंपनीच्या इंजिनाचा आकडा ७० च्या वर असला तर निश्चिंत. ६० वर किंवा त्याखाली आला तर सिलिंडर उतरवायची वेळ जवळ आलीच. हे सगळं काम देखरेखीखाली मेकॅनिकही करतो. पण विमान उडवायला हरकत नाही, ही सही परवानाधारक एएमईचीच लागते.

डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था. तिच्या सीएआर-६६ या परवान्याच्या नियमांनुसार पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठीचा परवाना म्हणजे बी१.२. टर्बाइन इंजिनांचा (एअरलाइनच्या विमानांत हीच असतात) बी१.१ वेगळा. एअरलाइनचं स्वप्न असेल तर बी१.२ च्या मागे लागू नका. बारामती, गोंदिया, धुळ्यासारख्या ठिकाणच्या फ्लाइंग स्कूलमध्ये काम करायचं असेल, तर मात्र हाच घ्या.

पात्रता सोपी आहे: वय १८ पूर्ण आणि बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स किंवा समकक्ष शिक्षण. मॅन्युअल इंग्रजीत असतात, त्यामुळे ते वाचून समजणं आणि इंग्रजीत नोंद लिहिता येणं हवंच.

परीक्षेसाठी डीजीसीएच्या परीक्षा पोर्टलवर आधी कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक, घ्यावा लागतो. प्रत्येक मॉड्यूलला, म्हणजे विषयाच्या पेपरला, ७५ टक्के हवेत. पिस्टन इंजिन १६ व्या मॉड्यूलमध्ये, प्रोपेलर १७ व्या. नववं, म्हणजे मानवी चुकांचं मॉड्यूल, मुलं 'थिअरी' म्हणून शेवटी ठेवतात. कामावर गेल्यावर तेच रोज लागतं.

खरी कसोटी अनुभवाची. सीएआर-१४७ नियमांखाली मान्यता असलेल्या प्रशिक्षण संस्थेतून कोर्स केला असेल तर चालू विमानांवरच्या देखभालीचं एक वर्ष पुरतं, संबंधित तांत्रिक ट्रेडचं प्रशिक्षण असेल तर दोन, काहीच नसेल तर तीन. कॉलेजचं सर्टिफिकेट म्हणजे परवाना नव्हे, हे पालकांनी फी भरण्याआधी नीट विचारून घ्यावं. केलेल्या कामाची नोंद लॉगबुकमध्ये त्याच दिवशी करा: तारीख, विमानाची नोंदणी, नेमकं काम, देखरेख करणाऱ्याची सही. वर्षभराच्या सह्या शेवटी एकदम मागायला गेलात, तर ज्यांच्या हाताखाली काम केलं ते एव्हाना दुसरीकडे गेलेले असतात.

परवान्याचा अर्ज डीजीसीएच्या ईजीसीए या सेवा पोर्टलवर ऑनलाइन होतो. फोटो आणि सही, जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, मॉड्यूलचे निकाल, कोर्सचं प्रमाणपत्र आणि अनुभवाच्या नोंदी तयार ठेवा. आपल्याकडे एक घोळ हमखास होतो: बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि वडिलांचं नाव कुठे पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर. अर्ज भरण्याआधीच हे जुळवून घ्या. फी किती, ते पोर्टलवर त्या दिवशी दिसेल तेच खरं.

परवाना हातात आला म्हणून लगेच सही करता येत नाही. त्यावर त्या विमानाचं किंवा विमानांच्या गटाचं रेटिंग, म्हणजे त्यावर काम करण्याच्या पात्रतेची नोंद, लागते, शिवाय ज्या देखभाल संस्थेत काम करता तिचं अधिकारपत्रही. आणि मागच्या दोन वर्षांत किमान सहा महिने देखभालीचं काम केलेलं नसेल, तर सहीचा अधिकार वापरता येत नाही.