पोकळ दांडीची स्लाइड गिटार : बेळगाव सीमाभागातील हातबांधणीची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि घाटमाथ्याच्या बाजूला हल्याळ-सुपा या पट्ट्यात मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी कांब फिरवत वाजवायची अकूस्टिक गिटार हाताने बांधायची झाली, तर लाकूड हाती येण्याआधीच एक निर्णय घ्यावा लागतो : दांडी भरीव ठेवायची की आतून पोकळ. वरवर हा बांधकामातला किरकोळ तपशील वाटतो. परंतु लाकडाची निवड, तबलीची म्हणजे पेटीवरच्या पातळ फळीची जाडी, तारांची संख्या आणि वाद्याचा नाद या सगळ्यांची दिशा त्यावरून ठरते. भारतात ही गिटार रुजली ती बहुतांशी भरीव दांडीनिशी. ते का घडले हे पाहिल्याखेरीज आज हातबांधणी करणाऱ्यांमध्ये चालणारा वाद नीट उमगत नाही.

कांब फिरवून गिटार वाजवण्याची रीत हवाई बेटांवर १८८० च्या दशकात आकाराला आली. ओआहू बेटावरच्या एका शाळकरी मुलाला तिचे श्रेय सहसा दिले जाते. भारतात जन्मलेल्या एका तरुणाने होनोलुलूत ही रीत त्याआधीच दाखवली होती, असाही एक दावा आहे आणि आपल्याकडे तो अभिमानाने सांगितला जातो. मात्र त्याला आधार आहे तो मागाहून सांगितलेल्या आठवणींचा, म्हणून त्यावर फार भार टाकू नये. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाई दालनातील वादन गाजले आणि अमेरिकेत घरोघरी या वाद्याची मागणी वाढली. बांधणीच्या इतिहासाला खरी सुरुवात होते ती या मागणीपासून.

वादक तार पट्टीवर दाबत नाही, ही या वाद्याची मूळ गोष्ट. तारा तबलीच्या पातळीपासून दहा-बारा मिलिमीटर उंच ठेवलेल्या असतात आणि हात वरून येतो. त्यामुळे दांडी मुठीत मावण्याएवढी बारीक असण्याचे कारण उरत नाही, आणि तार दाबताना ती ताणली जाऊन स्वर चढण्याचा प्रश्न नसल्याने तारा जिच्यावर टेकतात ती घोडीही तिरकी बसवावी लागत नाही. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर राहणाऱ्या, नॉर्वेत जन्मलेल्या एका कारागिराने या मोकळिकीचा फायदा घेतला आणि पेटीची पोकळी थेट दांडीत नेली. पुढे १९२० च्या दशकात लॉस एंजेलिसमधील एका जर्मन वंशाच्या कारागिराने हाच विचार नेटका केला. त्याच्याच आडनावावरून हा घाट आज वाइसनबॉर्न म्हणून ओळखला जातो. तबलीपासून पाठीपर्यंत सगळे हवाई बेटांवरच्या कोआ लाकडाचे, पेटीची खोली सुमारे साडेसात सेंटिमीटर, तारेची वाजती लांबी २५ इंच म्हणजे ६३५ मिलिमीटर. १९२७ पासून आवाज वाढवणाऱ्या धातूच्या भांड्याच्या (रेझोनेटर) गिटारी आल्या, १९३० च्या दशकाच्या आरंभी विजेवरच्या आल्या, आणि मोठ्या आवाजाच्या त्या वाद्यांपुढे लाकडी पोकळ दांडीची गिटार मागे पडली.

भारतात हे वाद्य रुजले ते त्यानंतर, आणि आपल्या वाटेची गुंतागुंत इथून सुरू होते. १९४० च्या दशकात पॅसिफिक बेटांवरून आलेल्या एका वादक कुटुंबाचा कोलकात्यात दीर्घ मुक्काम होता. तिथल्या तरुणांनी ही विद्या उचलली आणि पुढे कोलकात्यातच गिटारी बनू लागल्या. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत आकाशवाणीवरून आणि तबकड्यांवरून चित्रपटगीतांच्या चाली हवाईयन गिटारवर ऐकू येऊ लागल्या. १९६० च्या दशकात जोधपूरच्या एका वादकाने सरोदवादकाकडे तालीम घेऊन या गिटारला रागसंगीतात आणले, तिला चिकारी (मूळ सूर धरून ठेवणाऱ्या बाजूच्या तारा) जोडली, आणि १९६७ साली संतूर व बासरीच्या सोबतीने निघालेल्या एका ध्वनिमुद्रिकेने हा आवाज देशभर नेला. जयपूरच्या एका वादकाने पुढे तीन मुख्य तारा, स्वरसाथीच्या व चिकारीच्या तारा आणि बारा तरफा (न छेडता साथीने झंकारणाऱ्या तारा) अशी वीस तारांची मोहन वीणा घडवली, आणि १९९४ साली तिच्यावरील वादनाच्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी मिळाल्यावर भारतीय स्लाइड गिटार म्हणजे हेच वाद्य, असा समज पक्का झाला.

या सगळ्या वाटचालीत दांडी भरीव राहिली. याचे समर्थन आज संगीताच्या भाषेत केले जाते : तरफांचा ताण मोठा, म्हणून दांडी भरीवच हवी. मला हे समर्थन मागाहून जोडलेले वाटते. १९५० आणि १९६० च्या दशकांत भारतीय वादकाच्या हाती जी गिटार पडत होती ती एफ आकाराच्या छिद्रांची, फुगीर तबलीची, बोटांनी दाबून वाजवायच्या गिटारीवरून बेतलेली होती. तिच्यावर तारा उंच केल्या, कांब घेतली आणि वादन सुरू झाले. पोकळ दांडीचे वाद्य समोर ठेवून, दोन्ही पारखून मग नाकारले, असे घडल्याचे दिसत नाही. लॉस एंजेलिसचा तो घाट तोवर अमेरिकेतच विस्मरणात गेला होता. उपलब्ध वाद्यावर थोर वादकांनी थोर संगीत उभे केले आणि त्या संगीताच्या पुण्याईने वाद्याचा सांगाडाही शास्त्रशुद्ध ठरला.

पोकळ दांडीच्या बाजूनेही एक युक्तिवाद सर्रास केला जातो, आणि तोही तपासून घ्यायला हवा. दांडीतली हवा आवाजाला खर्ज देते, असे म्हणतात. साधारण घाटात पोटाची पोकळी आठ-साडेआठ लिटरची आणि दांडीतली एक लिटरच्या आतबाहेर असते, म्हणजे हवेत पडणारी भर दहा-बारा टक्क्यांची. पेटीतल्या हवेचा स्वतःचा स्वर पोकळीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. तेव्हा एवढ्या भरीने तो पाच टक्क्यांच्या आसपास उतरेल, म्हणजे षड्ज आणि कोमल ऋषभ यांच्यातल्या अंतराएवढाही नाही. तेवढ्यासाठी कोणी दांडी पोकळ करू नये. खरा लाभ वेगळा आहे. पेटी आणि दांडी यांच्यामधला सांधाच नाहीसा होतो. पाठ, कडा आणि तबली सलग धावतात. जड ठोकळा नसल्याने वाद्य हलके राहते आणि मांडीवर सपाट बसते. दांडी काळाने एखादा मिलिमीटर वर उचलली गेली तरी इथे बिघडत नाही, कारण तार दाबायचीच नसते. भरीव दांडीचा ताठपणा ज्या गरजेपोटी आला ती गरज या वाद्याला नाही.

आणि सीमाभागाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट आहे. पोकळ दांडी आपल्या कारागिरीला परकी नाही. मिरजेत दीडशेहून अधिक वर्षे सितार आणि तंबोरे बनत आले आहेत. हत्यारांची कामे मागे पडल्यावर शिकलगारांच्या घराण्यांनी हा व्यवसाय उचलला, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सितारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या दोन्ही वाद्यांची दांडी आतून कोरलेली असते आणि वर पट्टी चिकटवून ती बंद केली जाते. बेळगाव आणि मिरज एकाच लोहमार्गावर आहेत. बेळगाव-धारवाडकडच्या गवयांचे तंबोरे जवारी लावून म्हणजे घोडीचा माथा घासून नाद गुंजता करून घ्यायला मिरजेला जात आले आहेत. म्हणजे पोकळ दांडीचे ज्ञान या पट्ट्यात शतकभर नांदत होते आणि तरीही गिटार बांधताना आपण भरीव दांडीच्या नकला काढत राहिलो, हे मला खटकते.

तरफांच्या ताणाचा आक्षेपही इथे निराळा दिसू लागतो. सहा तारांचा एकूण ताण साठ ते ऐंशी किलोंच्या घरात असतो आणि वीस तारांचा त्याच्या कितीतरी पट, हे खरेच आहे. पण सितारीच्या तरफांच्या खुंट्या पोकळ दांडीच्याच भिंतीत बसवलेल्या असतात आणि पिढ्यानपिढ्या टिकतात. फरक आहे तो भिंतीच्या जाडीत. वाइसनबॉर्न घाटात कडा सुमारे दोन मिलिमीटरच्या, वाकवलेल्या असतात. त्यांना भोक पाडून खुंटी बसवली तर रेषेवर तडा जाणारच. सितारीची दांडी एका तुकड्यातून खोदलेली, म्हणून भिंत जाड. पोकळ या एका शब्दाखाली वाकवलेली आणि खोदलेली अशा दोन वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि वाद घालणारे बहुतेक वेळा त्यांची गल्लत करतात.

लाकडाचा प्रश्न सीमेशी अधिक थेट जोडलेला आहे. १९४८ मध्ये मिरज संस्थान विलीन झाल्यापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मिरज, बेळगाव आणि कारवार ही तिन्ही ठिकाणे मुंबई राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ नंतर लाकूड एका राज्यात आणि वाद्यांची पेठ दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती झाली. खानापूर, हल्याळ, दांडेली या बाजूचा साग आणि शिसव नामांकित. परंतु शिसवाचे झाड मालकीच्या जमिनीत असले तरी ते तोडायला वनखात्याची परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना लागतो. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधने आली आणि परदेशी गिऱ्हाइकासाठी शिसवी पाठ लावणे अवघड झाले. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, कच्च्या लाकडाला नाही. त्यामुळे जुने वाडे उतरवताना निघणाऱ्या सागवानी तुळया आणि दाराच्या चौकटी यांना हातबांधणीत मोल आले आहे. तीन-चार पिढ्या वाळलेला तो साग नव्या लाकडासारखा पिळत नाही. पोकळ दांडीला जाड, निर्दोष ठोकळा लागत नाही, तुळईतून चिरलेल्या पातळ फळ्या पुरतात, हा तिचा आणखी एक गुण. फणसाची पाठही चांगली बोलते. तबलीसाठी मात्र साग जड पडतो. तिथे तून या झाडाचे लाकूड बरे, आणि परदेशी स्प्रूस मिळाल्यास उत्तम.

कडा वाकवणे हे सितारकारागिराच्या सवयीत नसलेले काम आहे. लोखंडी नळी आतून बर्नरने तापवतात, तिच्यावर पाण्याचा थेंब टाकल्यावर तो बसून न राहता उडू लागला की ओली केलेली दोन मिलिमीटरची पट्टी कमरेच्या खुणेवर टेकवतात आणि दोन्ही हातांनी सावकाश दाब देतात. लाकूड आधी अडते आणि मग एकाएकी मेणासारखे सैल पडते. तो क्षण चुकवून जोर लावला तर पट्टी बाहेरच्या अंगाने फाटते. सागात तेल असते, म्हणून चिकटवण्यापूर्वी सांध्याची जागा स्पिरिटने पुसून घ्यावी लागते, एरवी सरस धरत नाही. सुतारकामाचा नेहमीचा पांढरा डिंक घोडीखाली वापरू नये, कारण सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो.

ऋतूचे गणितही या भागाचे स्वतःचे आहे. जून ते सप्टेंबर बेळगावची हवा दमट असते आणि खानापूरच्या पलीकडे तर लाकूड पाणी पिते. त्या दिवसांत चिकटवलेली तबली चैत्रात आकसते, आतले आडवे दांडे तिला आकसू देत नाहीत, आणि घोडीच्या मागे भेग पडते. तबली, पाठ आणि त्यांचे दांडे माघ-फाल्गुनात, हवा कोरडी असताना जोडायचे आणि पावसाळ्यात खुंट्या, कांब, रंगकाम यांसारखी कामे काढायची, हा क्रम पाळला तर वाद्य टिकते. रंगकामातही चपड्याचे पॉलिश पावसात पांढुरके पडते, तेव्हा तेही उघडीप पाहूनच. कांबेसाठी तर बाहेर पाहायला नको. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही लेथवर १९ मिलिमीटर व्यासाची, ८० मिलिमीटर लांबीची स्टेनलेस स्टीलची कांब कातून मिळते आणि तिचे १८० ग्रॅमच्या आसपासचे वजन मिंडेला, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाण्याला, पुरेसे ठरते. टोक मात्र गोलसर आणि अंग आरशासारखे गुळगुळीत करून घ्यायला हवे, नाहीतर तारेवर खरखर ऐकू येते.

किराणा गायकीच्या या प्रदेशात सलग मिंडेचे वाद्य आपलेसे वाटावे, यात नवल नाही. जलद मुरकी आणि खटका (स्वरांची झटपट वळणे) कांबेने कठीण जातो, ही त्याची मर्यादा वादकांना ठाऊक आहे. त्या दृष्टीने पाहिले तर वीस तारांची गरज सगळ्यांनाच असते असे नाही. सहा तारा आणि दोन चिकारी एवढ्यावर आलाप उभा राहतो, आणि चिकारीच्या दोन खुंट्यांपुरता आतून लाकडाचा ठोकळा लावला की वाकवलेल्या पातळ कडाही तो ताण सोसतात. ज्यांना तरफा हव्याच आहेत त्यांच्यासाठी सितारीच्या रीतीने खोदलेली, सहा-आठ मिलिमीटर भिंतीची दांडी वाकवलेल्या पेटीला जोडणे हा मार्ग उरतो. त्यात दांडी आणि पेटी यांच्यामधला सांधा परत येतो, आणि तो सितारीच्या गळ्यासारखा खाच करून बसवायचा की गिटारीच्या पद्धतीने आतल्या ठोकळ्यावर घ्यायचा, यावर बांधणाऱ्यांचे एकमत नाही. माझा कल पहिल्या पद्धतीकडे आहे, कारण ती करणारे हात मिरजेत आजही आहेत.