‘हायत की सगळी’ याला मार्क किती द्यायचे?

आपल्याकडं आजारी माणसाला "घरी कोण कोण असतं?" विचारलं की लगेच मोजदाद सुरू होते, दोन मुलं, सुना, नातवंडं, वरच्या मजल्यावर पुतण्या, आणि विचारणारा पण खूश, चला, बघायला माणसं आहेत. शुगर, बीपी, हार्ट, संधिवात, किडनी ही दुखणी काही चार दिवसांत जाणारी नसतात, ती वर्षानुवर्षं घरात मुक्काम ठोकतात, त्यामुळं सोबतीला कोण आहे याला डॉक्टरी हिशोबातही वजन आहे. पण माणसं मोजली म्हणजे आधार मोजला असं होत नाही, आणि संशोधकांना हे उमगायला बराच वेळ लागला.

सुरुवात डोकी मोजण्यापासूनच झाली होती. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीत १९६५ मध्ये जवळपास ७ हजार लोकांना लग्न, मित्र, नातेवाईक, चर्च, मंडळं याबद्दल विचारलं आणि मग ९ वर्षं त्यांची नोंद ठेवली. १९७९ मध्ये बर्कमन आणि साइम या संशोधकांनी निष्कर्ष छापला की ज्यांचा गोतावळा सगळ्यात तोकडा त्यांच्यात, सगळ्यात मोठा गोतावळा असलेल्यांच्या तुलनेत, मृत्यूचं प्रमाण पुरुषांत २.३ पट आणि बायकांत २.८ पट निघालं. आता कोणीही म्हणेल, अहो आजारी माणूसच घराबाहेर पडत नाही, मग गोतावळा कमी होणारच की! बरोबर आहे, म्हणून त्यांनी सुरुवातीची तब्येत, सिगरेट, दारू वगैरे हिशोबात धरून परत बघितलं, तरी फरक राहिलाच. पुढं २०१० मध्ये असले १४८ अभ्यास एकत्र करून बघितले, ३ लाखांवर माणसं, तिथंही नाती घट्ट असलेल्यांची जगण्याची शक्यता साधारण ५० टक्क्यांनी जास्त दिसली.

पण गोतावळा मोठा असून अडीनडीला कोण येतं? हे विचारायची नीट पद्धत शेरबोर्न आणि स्टुअर्ट या दोघींनी १९९१ मध्ये मांडली, अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेच्या एका मोठ्या अभ्यासातून. बीपी, शुगर, हृदयविकार, डिप्रेशन असलेले २,९८७ पेशंट, आणि १९ प्रश्न. याशिवाय जवळची माणसं किती हा प्रश्नही आहे, पण तो वेगळा ठेवलाय, मार्कात धरत नाहीत. बाकी सगळ्या प्रश्नांचा सूर एकच, गरज पडली तर असं कोणी असतं का, आणि उत्तर ‘कधीच नाही’ला १ पासून ‘कायम’ला ५ पर्यंत.

गेल्या महिन्यात कोणी किती मदत केली असं सरळ का विचारलं नाही? कारण ज्याला जास्त मदत मिळते तो बहुतेक वेळा जास्त आजारी असतो, मग नुसती मदत मोजली तर मदतीनंच माणूस खचतोय असं उलटं चित्र दिसेल.

समजा मिरजेला ओपीडीत एक काकू आल्यात, शुगर जुनी, घर भरलेलं. अंथरुणाला खिळलात तर कोण बघेल, दवाखान्यात कोण नेईल, जेवण कोण करेल, घरकाम कोण करेल या चार प्रश्नांना त्यांनी ५, ५, ४, ४ दिले. सरासरी ४.५, ती ० ते १०० च्या पट्टीवर आणायची तर १ वजा करून ४ ने भागायचं आणि शंभरनं गुणायचं, आले ८७.५. झकास. मग मनातलं ऐकून घेणारं, काळजी बोलून दाखवता येईल असं, आजाराबद्दल नीट समजावून सांगणारं कोणी, असे आठ प्रश्न, तिथं सगळीकडं २. मार्क २५. सगळ्याची एकच सरासरी काढली तर हा खड्डा झाकला जातो, म्हणून मला तरी एकूण आकड्यापेक्षा हे वेगवेगळे रकानेच कामाचे वाटतात.

आणि या काकूंच्या शेजारी सूनबाई बसल्या असतील तर? "हायत की सगळी, कशाला कमी न्हाई," झालं, सगळीकडं ५. घरची लाज चारचौघांत कोण काढणार! त्यामुळं रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत बाकड्यावर एकट्या असतील तेव्हाच विचारलेलं बरं. मायेच्या रकान्यात तर मिठी मारणारं कोणी आहे का असा प्रश्न आहे, तो तासगावच्या एखाद्या द्राक्षबागायतदार आजोबांना विचारून बघा, आधी हसतील मग विषय बदलतील, त्यावरून त्यांना घरात माया नाही असा अर्थ काढला तर चुकलंच. आणखी एक राहतं, त्रास देणारी माया. "भात नको, गोड नको, गोळी घेतली का," दिवसभर मागं लागणारी माणसं या १९ प्रश्नांत मायनसमध्ये धरली जातच नाहीत, त्यासाठी वेगळं विचारावं लागतं.

काकूंच्या उलटी केसही असते. पोरगा पुण्याला, रोज रात्री फोन, सगळं बोलणं होतं, म्हणजे तो मनातलं ऐकणारा रकाना भरलेला. पण बाप जत तालुक्यात एकटा आणि डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा, एकेका वेळी चारेक तास मशीनवर. महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं, पण पहाटे एसटीत बसवून आणणारं आणि नंतर गळून गेलेल्या माणसाला घरी सोडणारं कोण, हे केसपेपरवर कुठंच लिहिलेलं नसतं. दवाखान्यात नेणारं कोणी आहे का, हा एक प्रश्न विचारला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.