लाल गोळी आधी रक्तासाठी होती, बाळाच्या मेंदूचं नंतर आलं

पोटुशी बाईने काय खाल्लं की बाळ हुशार निघतं यावर आपल्याकडे सासूपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांकडे उत्तर तयार असतं, बदाम, केशर, साजूक तूप वगैरे, त्यात मी पडत नाही. आयोडीनच्या मिठाचंही सांगत बसत नाही. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीचं मात्र सांगायला हवं, कारण त्या गोळीत काय घातलं (लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड) आणि काय राहून गेलं (बी-12 जीवनसत्त्व) यावरच गेली पंधरावीस वर्षं वाद चाललाय.

गोष्ट सुरू होते मुंबईत. 1928 ला एक ब्रिटिश डॉक्टरीणबाई इथे आल्या, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणारा एक विचित्र अ‍ॅनिमिया बघायला. 1931 ला त्यांनी छापलं की यीस्टचा अर्क, म्हणजे ते ब्रेडला लावायचं मार्माइट, दिलं की या बायका बऱ्या होतात. त्यातला गुणकारी पदार्थ म्हणजे फोलेट (गोळीत घालतात ते फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच रूप), जो 1941 ला पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. मेंदूचा विषय तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता. 1970 ला आपल्याकडे अ‍ॅनिमियाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, तेही रक्तासाठीच.

मेंदूकडे लक्ष उशिरा गेलं याला एक कारण हॉलंडमधलं आहे. 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला होता, त्या काळात आईच्या पोटात असलेली मुलं 19 वर्षांची होऊन सैन्यभरतीला आली तेव्हा त्यांच्या बुद्धीच्या चाचण्या तपासल्या. 1972 ला निष्कर्ष आला की फरक नाही. झालं, सगळ्यांना वाटलं आई उपाशी राहिली तरी बाळाचा मेंदू आपलं बघून घेतो. पुढे नव्वदच्या दशकात त्याच दुष्काळाच्या नोंदींतून दिसलं की ऐन उपासमारीत ज्यांची गर्भधारणा झाली त्यांच्यात स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचं प्रमाण साधारण दुप्पट होतं. म्हणजे आई किती उपाशी होती याइतकंच ती कधी उपाशी होती हेही महत्त्वाचं.

हे "कधी" 1991 ला पक्कं झालं. सात देशांतल्या 33 केंद्रांवर एक मोठी ट्रायल झाली, आधी स्पायना बिफिडासारखा, म्हणजे पाठीचा कणा नीट न मिटण्याचा, दोष असलेलं बाळ झालेल्या बायकांना दिवस राहायच्या आधीपासून रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिलं, असे दोष 72 टक्क्यांनी कमी झाले, फायदा इतका स्पष्ट दिसला की ट्रायल मध्येच थांबवावी लागली. आता गंमत बघा, ज्या न्यूरल ट्यूबमधून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती गर्भधारणेपासून 28 दिवसांत मिटते. बाईला पाळी चुकल्याचं नीट कळेपर्यंत ते दिवस संपत आलेले असतात, आणि आपली लाल गोळी सुरू होते चौथ्या महिन्यात! म्हणजे त्या कामासाठी ती गोळी पोचते तेव्हा काम उरकलेलं असतं.

आता पुणं. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांना लग्नानंतर, दिवस राहायच्या आधीपासून, एका टीमने नजरेखाली ठेवलं आणि पुढे त्यांच्या मुलांनाही. 2008 ला आकडे आले ते वाचून मी तरी चाट पडलो. दोनतृतीयांश आयांचं बी-12 कमी, आणि फोलेट कमी असलेली बाई सगळ्यांत मिळून एक. एकच! भाजी-डाळ-भाकरी खाणाऱ्या बाईला फोलेट मिळत होतं, आणि गोळीत आपण परत तेच देत होतो. बी-12 भाजीत नसतं, ते दूध-अंडी-मटणातून येतं, आणि गावात दूध डेअरीला जातं, मटण सणावारी. "आम्ही नॉनव्हेज खातो" असं सांगणाऱ्या घरातली बाई आठवड्यात किती खाते ते विचारा.

त्याच वर्षी त्याच गावांतल्या नऊ वर्षांच्या मुलांच्या चाचण्याही छापून आल्या. ज्यांच्या आयांचं बी-12 अगदी कमी होतं त्या मुलांना आकडे उलटे म्हणून दाखवणं आणि रंगीत आकडे क्रमाने जोडणं जड गेलं, बाकी चाचण्यांत फरक नव्हता. म्हैसूरला 2010 मध्ये अशाच वयाच्या मुलांत मात्र आईचं फोलेट जास्त तर मुलाचे मार्क जास्त असं निघालं, आणि बी-12 चा संबंधच दिसला नाही. इथून भांडण, गोळीत बी-12 हवं की नको.

भांडणाचं मूळ "डेफिशियन्सी" या शब्दात आहे. रक्तातलं बी-12 याखाली गेलं की कमतरता, अशी रेषा मारलीय 150 पिकोमोल प्रति लिटरवर, आपल्या लॅबच्या रिपोर्टमधे ती साधारण 200 पिकोग्रॅम प्रति मिली अशी दिसते, त्यामुळे दोन आकडे बघून अर्धे लोक तिथेच गोंधळतात. त्यात गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढून ते पातळ होतं, बी-12 चा आकडा आपोआप खाली येतो, म्हणून एक बाजू म्हणते ही कमतरता नाहीच, हा नॉर्मल उतार. पण बी-12 कमी पडलं की रक्तात जे अ‍ॅसिड साचतं ते या पुण्याच्या 90 टक्के बायकांत वाढलेलं होतं, त्याला उतार कसं म्हणायचं ते मला कळत नाही. शिवाय नुसतं फॉलिक अ‍ॅसिड दिलं की रक्त सुधारतं आणि बी-12 अभावी नसांचं नुकसान मागे चालूच राहतं, हे डॉक्टरांना 1940 च्या दशकापासून ठाऊक आहे.

ट्रायल्सनी निकाल लावला असंही नाही. बेंगळुरूला गरोदर बायकांना रोज 50 मायक्रोग्रॅम बी-12 दिलं, बाळ नऊ महिन्यांचं असताना फरक शून्य, अडीच वर्षांचं झाल्यावर बोलण्यात थोडा फरक. पुण्यात 2012 पासून त्याच गावांतल्या, आता वयात आलेल्या मुलामुलींना रोज फक्त 2 मायक्रोग्रॅम दिलं. 2021 ला त्यांच्या बाळांचे निकाल आले, नुसत्या बी-12 वाल्या गटातली बाळं समज आणि भाषेत पुढे होती, पण बी-12 सोबत इतर जीवनसत्त्वंही घेतलेल्या गटात तो फरक नाही, आणि प्रत्येक गटात पोरं विसापंचविसाच्या आसपास. एवढ्यावर देशभराची गोळी बदला म्हणणं अवघड आहे हे मान्य.

2018 ला अ‍ॅनिमियाचा तो राष्ट्रीय कार्यक्रम नव्याने आखला गेला. मधे 100 मिलिग्रॅमवर गेलेलं लोह परत 60 वर आलं, दिवस राहायच्या आधीपासून तिसऱ्या महिन्यापर्यंत वेगळं 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यावं असंही कागदावर आलं. पण नवी नवरी "अजून काही नाही" असताना स्वतःहून गोळी मागायला दवाखान्यात जाते कुठे, तिचं नाव नोंदलं जातं तेच मुळी पाळी चुकल्यावर. चौथ्या महिन्यापासूनच्या लाल गोळीत लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड तसंच राहिलं, बी-12 त्याही वेळी आत आलं नाही.