स्कूलिंग बॅनरफिश घरी नेण्याआधी

आमच्या दुकानात आलेला माणूस बहुधा मोठ्या टँकपाशीच थांबतो. पांढऱ्या अंगावर दोन जाड काळे पट्टे, पिवळी शेपटी आणि पाठीवरून निघालेला लांब पांढरा तुरा. पाच-सहा मासे मधल्या पाण्यात एकाच दिशेला तोंड करून तरंगत असतात आणि एक वळला की सगळे वळतात. तुऱ्यांमुळे वारीतल्या पताका चालल्यासारख्या दिसतात. हा स्कूलिंग बॅनरफिश, शास्त्रीय नाव हेनिओकस डायफ्रुटीस, बटरफ्लायफिशच्या कुळातला. तांबड्या समुद्रापासून मालदीव आणि थेट हवाईपर्यंत तो सापडतो. तिथे तो खडकांच्या वरच्या मोकळ्या पाण्यात मोठ्या थव्याने राहतो आणि प्रवाहातून वाहत येणारे बारीक जीव टिपतो.

म्हणूनच "एकच द्या" म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. एकटा बॅनरफिश कोपरा धरून बसतो, घाबरट होतो आणि खाणं कमी करतो. कमीत कमी तीन, जमलं तर पाच, आणि तेही एकाच वेळी न्यावेत. मागाहून एखादा आणून सोडला तर आधीचे त्याला त्रास देऊ शकतात.

नेताना मासा नीट ओळखून घ्या. हेनिओकस अक्युमिनॅटस हा याचा भाऊबंद हुबेहूब असाच दिसतो. पण तो २५ सेंटीमीटरपर्यंत वाढतो, मोठेपणी एकटा किंवा जोडीने राहतो आणि लहान टँकमध्ये आपसात भांडतो. डायफ्रुटीसचं तोंड जरा आखूड असतं, छाती गोलसर असते आणि पोटामागचा खालचा पर टोकदार असतो. अक्युमिनॅटसचा तोच पर गोलसर असतो. पाठीच्या पराचे काटे मोजता आले तर डायफ्रुटीसचे सहसा १२ भरतात, दुसऱ्याचे ११. असाच दिसणारा मूरिश आयडॉल मासा मात्र वेगळ्याच कुळातला. त्याची शेपटी काळी असते आणि घरच्या टँकमध्ये त्याला खायला लावणं फार कठीण जातं. तो समजून कोणी बॅनरफिश नेत असेल, तर मला त्यात आनंदच आहे.

आता टँक. हा मासा १८ ते २० सेंटीमीटरचा होतो आणि दिवसभर पोहत असतो. त्याला सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टँक हवा. त्यात साडेसहाशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. काच, खडक आणि स्टँड धरून वजन टनाच्या घरात जातं, तेव्हा फ्लॅटमध्ये टँक ठेवताना जागा इंजिनिअरला दाखवून घ्या. खडक भिंतीलगत रचा, मधला भाग पोहायला मोकळा राहू द्या. खडक मानवनिर्मितच घ्या. आपल्याकडे दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, त्यामुळे समुद्रातून उचललेले प्रवाळाचे तुकडे आम्ही विकत नाही आणि तुम्हीही कुठून घेऊ नका.

स्वयंपाकघरातलं मीठ चालेल का, हा प्रश्न रोज येतो. चालत नाही. त्यात जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच असतं. समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकीचे क्षार त्यात नसतात. किनाऱ्यावरून कॅनभर पाणी आणणंही टाळा: शहराजवळच्या पाण्यात सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात खारेपणा उतरतो. आरओ-डीआय पाण्यात (क्षार काढून शुद्ध केलेल्या पाण्यात) मरीन सॉल्ट, म्हणजे समुद्री टँकसाठीचं तयार मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम घाला आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या यंत्रावर) सापेक्ष घनता १.०२३ ते १.०२५ येतेय ना ते पाहा. वाफेने पाणी कमी झालं की भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही, कारण मीठ उडून जात नाही. टँक भरल्यावर अमोनिया आणि नायट्राइट हे माशांना घातक घटक शून्यावर येईपर्यंत, म्हणजे चार ते सहा आठवडे, मासा नेऊ नका. नंतर दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला आणि स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) सतत चालू ठेवा.

खाण्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. समुद्रात दिवसभर थोडंथोडं टिपणारा हा मासा एकदाच पोटभर खाऊन निभावत नाही. दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं: फ्रोजन मायसिस आणि आर्टेमिया (दोन्ही कोळंबीसारखे बारीक जीव), बारीक चिरलेली कोळंबी, अधूनमधून नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ). नेण्याआधी त्याला आमच्यासमोर खायला लावा, शक्यतो दोन वेगवेगळ्या दिवशी येऊन बघा. डोक्यामागचा पाठीचा भाग भरलेला दिसावा. तिथे खळगा पडला असेल तर तो मासा घेऊ नका, आम्ही आग्रह करणार नाही. चार-पाच सेंटीमीटरची पिल्लं गोड दिसतात, पण ती लवकर खंगतात. आठ-दहा सेंटीमीटरचे निवडा.

आमच्याकडे सुरुवातीच्या काळात एक खेप थेट मोठ्या टँकमध्ये गेली होती. तिसऱ्या दिवशी अंगावर मीठ शिंपडल्यासारखे ठिपके आले आणि आठवड्याभरात सगळा टँक रिकामा झाला. तो मरीन इक, म्हणजे परजीवीमुळे होणारा माशांचा रोग होता. तेव्हापासून प्रत्येक नवा मासा चार आठवडे वेगळ्या, खडकाविना टँकमध्ये राहतो, त्यात आडोशाला आम्ही पीव्हीसी पाइपचे तुकडे टाकतो. तुम्हीही घरी तेच करा. या रोगावरचं तांब्याचं औषध मात्र मुख्य टँकमध्ये कधी घालू नका, त्याने कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ मरतात.

शेवटी उन्हाळा. पाणी २४ ते २६ अंशांत हवं. एप्रिल-मेमध्ये चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) ते राहत नाही, आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजनही कमी असतो. वीज गेली की चिलर घरच्या इन्व्हर्टरवर चालत नाही, पण वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा पंप) आणि बॅटरीवरचा एअर पंप चालतो. दोन्ही आधीच जोडून ठेवा.

सोबत क्लाउनफिश, सर्जनफिश चालतात, दांडगे ट्रिगरफिश नकोत. प्रवाळ ठेवणाऱ्यांनी सांभाळून: काही बॅनरफिश मऊ प्रवाळाचे पॉलिप (प्रवाळाचे बारीक जिवंत जीव) टोचतात. पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीतून आणा, तपासून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही.