मोल्यात जंगल किती जातं? कडेचाही हिशेब करा

'पट्टा तेवढाच तोडायचा, बाकीचं जंगल आहे तिथंच राहणार!' गोव्यातल्या मोल्याच्या अभयारण्यातली 400 किलोव्होल्टची वीजवाहिनी, महामार्गाचं रुंदीकरण आणि रेल्वेचं दुपदरीकरण यांच्या बाजूने हे अजूनही ऐकवलं जातं. माझा आक्षेप या हिशेबालाच आहे.

अशा वाहिनीसाठी साधारण 46 मीटर रुंदीचा पट्टा लागतो. 10 किलोमीटर लांबीला 46 हेक्टर. पण जंगल कापलं की नवी कड तयार होते. ॲमेझॉनच्या जंगलात 1979 पासून चाललेल्या अभ्यासात कडेचे बरेचसे परिणाम 100 मीटर आतपर्यंत दिसले, काही त्याहूनही खोल. दोन्ही बाजूंचे 100 मीटर धरले तर 46 चे 246 हेक्टर होतात.

कडेला घडतं काय? एक घनमीटर हवेत 25 अंश सेल्सिअसला सुमारे 23 ग्रॅम वाफ मावते, 35 अंशांना जवळजवळ 40 ग्रॅम. दाट सावलीतल्या हवेत 21 ग्रॅम वाफ असेल तर तूट फक्त 2 ग्रॅमची. तीच हवा उन्हाने 35 अंशांवर गेली की तूट 19 ग्रॅम! ही भूक हवा पानांतून भागवते. पाणी वाचवायला पान आपली बारीक छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, मिटून घेतं, पण मग कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही आणि वाढ खुंटते. कोरड्या हवेची ओढ फारच वाढली तर पाणी वर नेणाऱ्या काष्ठवाहिन्यांतला पाण्याचा अखंड स्तंभ तुटून हवेचे बुडबुडे शिरतात. उंच झाडं उभ्या उभ्या वाळतात ती अशी. सह्याद्रीतले काही झुडूपबेडूक पानांवर अंडी घालतात. त्यांना डबक्यातल्या बेडूकमाशाची अवस्थाच नसते, पिल्लू अंड्यातच पूर्ण घडतं. कोरड्या हवेत ती अंडी सुकतात. मोकळ्या उन्हात फोफावते ती रानमोडी, बाहेरून आलेलं तण.

आपल्या, म्हणजे जंगल वाचवू पाहणाऱ्यांच्या, बाजूचे लोक 'मोले गोव्याला ऑक्सिजन पुरवतं' म्हणतात, तेही सोडायला हवं. जुनं जंगल जितका ऑक्सिजन बनवतं, जवळपास तितकाच श्वसनात आणि कुजण्यात वापरतं. खऱ्या कारणांची आपल्याकडे वाण नाही.

मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. वीजवाहिनीबाबत या न्यायालयानेच नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने 2021 मध्येच सुचवलं होतं की ती जुन्या वाहिनीच्या पट्ट्यातून न्यावी. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे, कारण त्या पट्ट्याला कड आधीच आहे. अखंड रानातून नवी रेघ ओढणारा कुठलाही प्रस्ताव यापुढे आला, तर त्यात तोडायच्या झाडांच्या आकड्याशेजारी कडेखाली येणारे हेक्टरही छापलेले असले पाहिजेत.