सेक्रेटेरियटचं हृदय कुणी तोललंच नव्हतं

‘शवविच्छेदनात सेक्रेटेरियट या अमेरिकी शर्यतीच्या घोड्याचं हृदय २२ पौंड भरलं’ हे सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. ऑक्टोबर १९८९मध्ये लॅमिनायटिसमुळे, म्हणजे खुरांच्या आतल्या वेदनादायी दाहामुळे, या घोड्याला मरण द्यावं लागलं. पशुवैद्य डॉ. थॉमस स्वेर्चेक यांना मृत्यूनंतरच्या तपासणीत हृदय निरोगी, पण अवाढव्य दिसलं. त्यांनी ते तोललं नाही. पुढे त्यांनी शॅम या घोड्याचं हृदय मात्र तोललं, ते १८ पौंड भरलं. त्यावरून बांधलेला अंदाज म्हणजे हे २२. साधारण थरोब्रेडचं, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याचं, हृदय असतं आठ-नऊ पौंड.

शिवाय शर्यत एकट्या हृदयावर जिंकत नाहीत. १९७३च्या केंटकी डर्बी या अमेरिकी शर्यतीत याच मोठ्या हृदयाच्या शॅमला सेक्रेटेरियटने अडीच घोड्यांच्या लांबीने हरवलं. सुटताना सेक्रेटेरियट सर्वांत मागे होता. मग प्रत्येक पाव मैल आधीच्यापेक्षा वेगात: २५.२, २४, २३.८, २३.४ आणि शेवटचा २३ सेकंदांत.