वॉट्स, ॲलन

(६ जानेवारी १९१५ – १६ नोव्हेंबर १९७३). झेन (जपानमधील ध्यानप्रधान बौद्ध पंथ), ताओमत (चीनमधील प्राचीन विचारपरंपरा) आणि वेदान्त इंग्रजी वाचक-श्रोत्यांपर्यंत नेणारे लेखक व व्याख्याते. १९४५ ते १९५० अशी सुमारे पाच वर्षे ते अमेरिकेत एपिस्कोपल चर्चचे धर्मगुरू होते. त्यांची ओळख करून देताना ही वर्षे एका ओळीत उरकू नयेत, कारण बोलणारा वॉट्स घडला तो याच काळात.

एपिस्कोपल चर्च ही अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेची अमेरिकेतील शाखा. बिशपांची व्यवस्था आणि विधिपूर्वक उपासना तिने टिकवली आहे. धर्मगुरूंना विवाहाची मुभा आहे. मुंबईच्या फोर्टमधले सेंट थॉमस कॅथीड्रल मूळचे अँग्लिकनच. आज ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे.

वॉट्स यांचा जन्म इंग्लंडमधील केंट परगण्यात, चिझलहर्स्ट येथे झाला. त्यांची आई मिशनऱ्यांच्या मुलांना शिकवत असे. पूर्वेकडून परतलेल्या मिशनऱ्यांनी भेट दिलेली चिनी-जपानी निसर्गचित्रे आणि भरतकाम घरात होते. ख्रिस्ती धर्म घेऊन तिकडे गेलेल्यांनी आणलेल्या या वस्तूंनीच मुलाचे मन पूर्वेकडे ओढले! कँटरबरीच्या किंग्ज स्कूलमध्ये असतानाच त्यांनी स्वतःला बौद्ध म्हणवून घेतले आणि लंडनच्या बुद्धिस्ट लॉज या बौद्ध संस्थेचे काम हाती घेतले. ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती मात्र हुकली. विद्यापीठाची पदवी नाहीच. १९३६ मध्ये झेनचे जपानी अभ्यासक डी. टी. सुझुकी यांची भेट झाली, त्याच वर्षी ‘द स्पिरिट ऑफ झेन’ हे पुस्तक निघाले. १९३८ मध्ये एलिनॉर एव्हरेट यांच्याशी विवाह करून ते न्यूयॉर्कला गेले.

झेनवर पुस्तक लिहिलेल्या माणसाने पाद्री का व्हावे? पोटापाण्याचा प्रश्न होताच. पण पाश्चात्त्यांशी बोलायचे तर त्यांच्याच उपासनेच्या भाषेतून बोलावे, ही ओढही खरी होती. तिला निव्वळ सोय म्हणणे अन्यायाचे ठरेल. इलिनॉयमधील इव्हॅन्स्टनच्या सीबरी-वेस्टर्न सेमिनरीने (धर्मगुरू घडवणारी संस्था) त्यांना पदवी नसतानाही प्रवेश दिला. १९४५ मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात विद्यार्थ्यांचे चॅपलेन, म्हणजे संस्थेने नेमलेले धर्मगुरू, झाले. तिथल्या कँटरबरी हाउसमध्ये प्रवचन थोडक्यात आटोपे आणि गप्पा रात्री उशिरापर्यंत रंगत. उपासना हा आनंदाचा सोहळा असावा, कर्तव्य म्हणून उरकायची गोष्ट नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. ख्रिस्ती गूढवाद आणि पूर्वेकडील अनुभव यांची सांगड घालणारे ‘बिहोल्ड द स्पिरिट’ (१९४७) याच काळातले.

१९५० मध्ये त्यांनी धर्मगुरुपद सोडले. त्यांचे दुसऱ्या स्त्रीशी संबंध होते आणि पत्नीने विवाह रद्दबातल करून घेतला होता. त्यांच्या वर्तनाने घरच्यांना झालेले दुःख त्यांच्या विचारांच्या थोरवीखाली झाकू नये. पण कारण एवढेच नव्हते. देवाकडे जाण्याचा एकमेव मार्ग आपलाच, हा चर्चचा दावा त्यांना पटेनासा झाला होता.

पुढचे काही महिने न्यूयॉर्क राज्यातील मिलब्रुक येथे एका शेतघरात गेले. पुराणकथांचे अभ्यासक जोसेफ कॅम्बेल यांच्या मदतीने बोलिंजन फाउंडेशनचे अनुदान मिळाले आणि ‘द विस्डम ऑफ इन्सिक्युरिटी’ (१९५१) लिहून झाले. हातची नोकरी, घर, प्रतिष्ठा गेलेल्या माणसाने असुरक्षिततेवर लिहिलेले हे पुस्तक आजही मनाला भिडते.

१९५१ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोच्या अमेरिकन अकॅडमी ऑफ एशियन स्टडीजमध्ये शिकवू लागले. श्रीअरविंदांचे अनुयायी हरिदास चौधुरी तिथे त्यांचे सहकारी होते. १९५३ पासून बर्कलीच्या केपीएफए रेडिओवर त्यांची भाषणे सुरू झाली. खर्जातला आवाज, मधूनच फुटणारे हसू आणि अवघड कल्पना चहा पिताना सांगावी तशी सांगणे, ही त्यांची हातोटी. ‘द वे ऑफ झेन’ (१९५७) खूप खपले. ‘द बुक’ (१९६६) मध्ये वेदान्त समजावताना ते मुलांना गोष्ट सांगतात : देव स्वतःशीच लपंडाव खेळतो आणि इतका छान लपतो की आपणच देव आहोत हे विसरून जातो.

जपानी मठातली शिस्त न पाळता झेन सांगतात, हा आक्षेप त्यांच्यावर झाला. तो गैरलागू नाही. मात्र ते स्वतःला गुरू नव्हे, आध्यात्मिक रंजनकार म्हणवत. उत्तरायुष्यात ते सॉसालिटोच्या किनाऱ्याला बांधलेल्या एका जुन्या फेरीबोटीवर राहत. मद्यपान वाढले, व्याख्यानदौरे थांबले नाहीत. कॅलिफोर्नियातील ड्रुइड हाइट्स येथील घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. ध्वनिफितींवरची भाषणे मुलाने जपली.